आत्याचा फोटो आणि कॅमेऱ्याचा जीव

आमच्या आत्याला मरायची अजिबात घाई नव्हती. घाई होती ती मेल्यानंतर भिंतीवर लावायच्या फोटोची.

वेल्ह्याच्या अलीकडं, तोरण्याच्या अंगाला आत्याचं गाव. घरात शिरलं की समोरच्याच भिंतीवर आतोबांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा फोटो. आतोबा एसटीत ड्रायव्हर होते. खाकी शर्ट, मिशीला पीळ, आणि घाटात समोरून ट्रक आला तरी गाडी मागं आपण घेणार नाही, असा चेहऱ्यावर भाव. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण त्या फोटोतली खरी गंमत आतोबांच्या मागं आहे. तिथं अंगणातली जांभळ उभी आहे आणि तिची पानं चक्क गोल गोल फिरताना दिसतात! आतोबा मधे ढिम्म बसलेत आणि अख्खं झाड त्यांच्याभोवती फेर धरून नाचतंय.

हा फोटो काढला आमच्या अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे वडील आणि आत्याचे धाकटे भाऊ. भोरात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तालुक्यातल्या निम्म्या लोकांना लग्नात 'जरा हसा' असं अण्णांनी सांगितलेलं आहे (आणि उरलेल्या निम्म्यांना 'आता पुरे'). त्यांच्याकडं एक जुनी रशियन लेन्स होती, सगळी धातूची, हातात घेतली तर खलबत्त्यातला खल धरल्यासारखी. पानं फिरवायची करामत तिची.

तर एके दिवशी आत्याचा फोन आला.

"इलास, दत्तूला म्हणावं, माझा फोटू काढून ठिव."

"कशाला गं आत्या?"

"लावाया. म्या गेल्यावर तुमी घरभर शोधत बसाल आन् शेवटाला आधारकार्डावरचा लावाल. त्यात म्या चोरावानी दिसती."

"असं काय अभद्र बोलतेस! बरं नाहीये का तुला?"

"मला काय धाड भरलीया? आत्ताच गवताचा भारा टाकला. पर फोटू त्यांच्या शेजारी लागनार न्हवं? जोडी दिसाया पायजे. त्यांच्या मागं पानं फिरत्यात, तशी माझ्या मागं बी फिराया पायजेत. न्हाईतर लोक म्हनतील, ह्यो एका घरचा आन् ती भलत्याच घरची."

मी अण्णांना, म्हणजे आत्याच्या दत्तूला, निरोप सांगितला. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. खुर्चीत बसून चष्मा पुसत राहिले.

"दाजींचा काढला त्याच दिशी तिचा बी काढनार हुतो," ते म्हणाले. "ती म्हनली, चुलीवर दूध हाय, आले. दूध उतरवून, तोंड धुऊन, नवं लुगडं नेसून आली तवर माझा रोल संपला हुता. म्हनलं, पुढच्या टायमाला काढू."

तो पुढचा टाइम आलाच नव्हता. स्टुडिओ बंद झाला. जुन्या कॅमेऱ्याच्या आतला पडदा झुरळांनी खाल्ला. रोल धुणारे गेले, रोल मिळेनासे झाले. राहिली ती लेन्स. ती अण्णांनी पेढ्याच्या रिकाम्या डब्यात इंद्रायणी तांदळात पुरून ठेवली होती, म्हणजे भोरच्या पावसात बुरशी धरणार नाही. आमच्याकडं पाहुण्यांना पेढा म्हणून तो डबा दोनदा पुढं केला गेलाय.

सुरुवातीला माझी बायको वैशाली म्हणाली, "एवढं कशाला? माझ्या मोबाईलवर मागचं धूसर करता येतं." आणि पुढच्याच रविवारी तिनं वेल्ह्याला जाऊन आत्याचा सुरेख फोटो काढला. मोबाईलनं मागचं झाड धूसर केलं, अंगण धूसर केलं, आणि त्याच झपाट्यात आत्याचा डावा कानही धूसर करून टाकला!

"माझा कान कुठं गेला?" आत्यानं विचारलं.

"तो... मोबाईलला वाटलं, तो झाडाचा भाग आहे," वैशाली म्हणाली.

"मोबाईलला वाटलं! आन् मेल्यावर त्यांनी हाक मारली, तर म्या ऐकू कशी?"

ठरलं, अण्णांचीच लेन्स आणि अण्णांचाच हात. फक्त तिच्यामागं लावायला एक नवीन डिजिटल बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, आणायचा. आणि ती निवडायची जबाबदारी मी आपण होऊन अंगावर घेतली.

इथं माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळं एखादी गोष्ट मला कळलेली असो वा नसो, ती दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जुन्या लेन्सा नव्या कॅमेऱ्यांना अडॅप्टरनं, म्हणजे मधल्या जोडकड्यानं, कशा जोडायच्या, याचे व्हिडिओ मी दिवसरात्र बघायला लागलो. वर्गात मोसमी वारे शिकवताना 'हे वारे अडॅप्टरमधून येतात' असं एकदा तोंडून गेलं. मुलांनी लिहूनही घेतलं.

पहिला शोध असा लागला, की कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असतो किंवा मोठा असतो. (सेन्सर म्हणजे ज्यावर चित्र उमटतं ती आतली चकचकीत काच. पूर्वी जिथं रोल असायचा तिथं आता ही असते.) मी जेवताना हे घरच्यांना समजावून सांगायचं ठरवलं.

"ही भाकरी," मी ताटातली भाकरी उचलली, "म्हणजे लेन्सनं पाडलेलं चित्र. आणि ही वाटी म्हणजे लहान सेन्सर." मी भाकरीवर वाटी दाबून मधला गोल कापला. "बघा. लहान सेन्सरला फक्त मधलं मिळतं. काठ वाया!"

अण्णांनी काठ उचलून आमटीत बुडवला. "आन् पानं काठालाच फिरत्यात."

"म्हणूनच मोठा सेन्सर लागणार!"

"झालं समजावून?" वैशालीनं विचारलं. "मग आता ती भाकरी तूच संपव. नाही तर तुझ्या वर्गातल्या मुलांना कळेल, अन्नाचा भूगोल कसा होतो."

खरं तर मला तत्त्व पटलेलं होतं, पण मोठ्या सेन्सरची किंमत पटत नव्हती. (ती इथं सांगत नाही. घरात हे वाचतात.) म्हणून आधी शाळेतल्या एका मित्राचा लहान सेन्सरचा कॅमेरा मागून आणला, अडॅप्टर लावून लेन्स जोडली, आणि मागच्या परसातल्या पेरूसमोर वैशालीला बसवलं. अण्णांनी फोटो काढला. वैशाली छान आली. पेरूही छान आला. पण पानं जागच्या जागी.

"हुबी हायत," अण्णा म्हणाले. "शाळेत प्रार्थनेला उभी राहिल्यावानी."

मित्राचा कॅमेरा परत केला. मोठ्या सेन्सरला पर्याय नव्हता. मग मी आणि अण्णा पुण्याला गेलो, वापरलेले कॅमेरे विकणाऱ्या एका दुकानात. अण्णांनी नवी टोपी घातली होती आणि काखेत पेढ्याचा डबा होता.

काउंटरवरच्या तरुणानं एक बॉडी पुढं ठेवली. अण्णांनी ती हातात तोलली, खालून पाहिली, बोटं फिरवून कुठं पडल्याबिडल्याची खूण आहे का ते चाचपलं. बाजारात बैल घेताना आजोबा असंच करायचे. मग कॅमेरा कानाशी नेऊन बटण दाबलं.

"आवाजच न्हाई!"

"सायलेंट मोडवर आहे, काका."

"मुकं जनावर नगं. फोटू निघाला, हे समोरच्याला कळाया पायजे. न्हाईतर माणूस श्वास धरून बसतंय."

तरुणानं आवाज चालू करून दिला. अण्णा खूश झाले. तोही उत्साहात आला. "काका, याचा फोकस इतका जबरदस्त आहे, की उडत्या पक्ष्याचा डोळासुद्धा पकडतो!"

"फोटू माझ्या आक्काचा हाय. ती उडत न्हाई. जाग्यावर बसती."

"व्हिडिओ तर एक नंबर!"

"व्हिडिओ तर मुळीच नगं. ती बोलाया लागली की संपतच न्हाई."

"बरं, मग लेन्स कुठली देऊ?"

"लेन्स हाय की," असं म्हणून अण्णांनी डबा उघडला. त्या तरुणानं आत डोकावून पाहिलं. त्याला तांदूळ दिसले. मग अण्णांनी तांदळात हात खुपसून लेन्स बाहेर ओढली आणि त्याबरोबर ओंजळभर इंद्रायणी काउंटरवर, लाखमोलाच्या कॅमेऱ्यांवर आणि एका गिऱ्हाइकाच्या बुटात पसरली.

"वास तर घ्या," मी परिस्थिती सावरायला म्हणालो. "आमच्या भोरचा तांदूळ आहे." दुकानदारानं आम्हांला फार लवकर बिल करून दिलं.

घरी आल्यावर अडॅप्टर बसवला. अण्णांनी लेन्सचे आटे फिरवून ती घट्ट केली, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाटी आली. मी ती वाचली.

"काय म्हनतंय?"

"म्हणतोय... लेन्स लावलेली नाही."

अण्णांनी कॅमेरा डोळ्यापासून लांब धरला. त्याच्याकडं पाहिलं, लेन्सकडं पाहिलं. "लावलेली न्हाई? एवढी दांडगी लेन्स तोंडावर हाय, आन् ह्याला दिसत न्हाई?"

"अण्णा, जुन्या लेन्सला विजेची जोडणी नसते ना, त्यामुळं..."

"अरे, ह्याचा बा जन्मला नव्हता तवापास्नं ही लेन्स हाय! तालुक्यात मानानं फिरली. आन् हा कालचा आलेला म्हनतोय, तू न्हाईसच?"

त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. मी व्हिडिओ बघून बघून ती सेटिंग शोधली ('लेन्स नसली तरी चालेल' अशा अर्थाची ती सेटिंग होती. अण्णांना मी तो अर्थ सांगितला नाही). कॅमेरा कामाला लागला. पण फोकस हातानं करायचा, आणि अण्णांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. त्यावरही कॅमेऱ्यात सोय होती. जे नेमकं फोकसमध्ये येतं, त्याच्या कडांवर रंग चमकतो. रंग आपण निवडायचा. पिवळा, पांढरा किंवा लाल. मी नीट विचार करून लाल निवडला.

"अण्णा, सोपं आहे. लेन्स फिरवायची. चेहऱ्यावर लाल आलं, की दाबायचं. बास!"

"लाल आलं की दाबायचं," अण्णा म्हणाले. पुढं कित्येक दिवस ते हे वाक्य कुठलीही वस्तू हातात घेऊन म्हणत होते. एकदा टोमॅटो घेऊनही म्हणाले.

तेवढ्यात दसरा आला. आत्या माहेरी आली. दर दसऱ्याप्रमाणं एसटीनं, मांडीवर घेवड्याच्या शेंगांची पिशवी घेऊन. ठरलं असं, की सण भोरात करायचा, दुसऱ्या दिवशी आत्याला सोडायला सगळ्यांनी वेल्ह्याला जायचं, आणि त्याच जांभळीसमोर फोटो काढायचा.

दसऱ्याला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. ज्याच्यावर पोट भरतं, ते त्या दिवशी पाटावर बसतं. अण्णांचा स्टुडिओ होता तेव्हा कॅमेरा, दिवे, फोटो कापायची कात्री, सगळ्यांना हळद-कुंकू लागायचं. यंदा पाटावर विळा, कोयता, वैशालीचा मिक्सर, माझा पृथ्वीगोल (याला दरवर्षी कुंकू लागतं, बरोबर विषुववृत्तावर), आणि मधोमध नवा कॅमेरा. सगळ्यांना झेंडू वाहिलेला.

आत्या पाटासमोर बसून कॅमेरा निरखत होती. "ह्यात रोल न्हाई म्हनता, मंग फोटू ऱ्हातो कशात?"

झालं! हा प्रश्न भूगोलाच्या शिक्षकाला विचारायचा नसतो. मी पुढं सरसावलो. लेन्स काढली. कॅमेऱ्याचं तोंड वर करून तो पाटावर ठेवला. आत सेन्सर इंद्रधनुष्यासारखा चमकत होता.

"बघ आत्या. ही चकचकीत काच दिसते ना? हाच कॅमेऱ्याचा जीव! बाकी सगळं खोकं. जे काय आहे, ते इथं आहे."

"ह्योच जीव?"

"हाच."

"ह्योच?"

"अगं, हाच! बाकीच्याला काही अर्थ नाही."

इतकं उत्तम शिकवल्याच्या समाधानात मी दारावरचं तोरण सरळ करायला बाहेर गेलो. त्या वेळात आत काय झालं, ते मला नंतर वैशालीनं सांगितलं. अण्णांनी कुंकवाचा करंडा आत्यापुढं धरला. आत्या मागं सरकली.

"नगं रं दत्तू. म्या कशी लावू? सूनबाईला लावू दे."

"तुझ्या फोटूसाठी आलाय त्यो. तूच लाव."

"माझ्या हातचं कुंकू चालंल?"

"माझ्या भनीच्या हातचं चालत न्हाई, असं कोन म्हनतंय, ते मला बगू दे," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला होता.

मग आत्यानं पदर नीट केला. करंगळीशेजारचं बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात टेकवलं, आणि इतक्या वर्षांनी मिळालेल्या मानाचं काम म्हणून अगदी जपून ते ओलं कुंकू लावलं. खोक्याला नाही. (खोक्याला काही अर्थ नव्हता ना!) सरळ आत बोट घालून, जिवाला.

मी आत आलो तेव्हा ती वरून अक्षताही टाकत होती.

"लावलं रं इलास! बरोब्बर जिवावर!"

मी जे ओरडलो, त्यानं शेजारचे दोघं धावत आले. त्यांना वाटलं, विळा लागला.

त्यानंतर घरात जी धांदल उडाली! कॅमेरा पालथा धरून हलवला. अक्षता बाहेर पडल्या, कुंकू राहिलं. वैशालीनं नेलपॉलिश काढायचं औषध आणलं. आत्या म्हणाली, "आण हिकडं, पदरानं पुसते." अण्णांनी स्टुडिओतला धूळ उडवायचा रबरी फुगा शोधून काढला आणि तो इतक्या जोरात दाबला, की फुग्याच्याच आत वर्षानुवर्षं साठलेली धूळ सेन्सरवर जाऊन बसली. मी 'कुणीही हात लावायचा नाही!' असं म्हणत मोबाईलवर सेन्सर साफ करायचे व्हिडिओ शोधत होतो. त्यांत धूळ होती, तेलाचे डाग होते, समुद्राचं पाणीसुद्धा होतं. कुंकू कुठंच नव्हतं.

आत्या कोपऱ्यात बसली होती. तिचा चेहरा उतरला होता. "माझ्याच हातानं इघडला," ती हळूच म्हणाली. "म्हनून म्हनत हुते, मला लावाया नगं सांगू."

एवढं बोललो होतो मी, आणि ऐकून घ्यायची वेळ तिच्यावर आली होती.

"काही बिघडलं नाहीये आत्या! हे बघ, आत्ता पुसतो!" मी औषधांच्या दुकानातून कापसाच्या काड्या आणल्या, चष्मा पुसायचं पाणी घेतलं, आणि श्वास रोखून पुसत बसलो. शेवटी काच साफ दिसायला लागली. खात्री करावी म्हणून लेन्स लावून समोर जे होतं त्याचा फोटो काढला. समोर झेंडूचं तोरण होतं. फोटो पाहिला. डाग नाही! मी विजयी मुद्रेनं सगळ्यांना दाखवला. लाल-केशरी झेंडूच्या राशीत लाल डाग शोधून 'नाही' म्हणणारा माणूस जगात मी एकटाच असेन.

दुसऱ्या दिवशी नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो. मार्गासनीला चहा झाला. दुपार कलायच्या आत आत्याच्या अंगणात होतो. जांभळ होती तशी होती, फक्त जरा जाड झाली होती. ("कोन न्हाई झालं?" आत्या म्हणाली.) आत्या आत गेली आणि हिरवं लुगडं नेसून आली. आतोबांची खुर्ची नेमक्या जागी मांडली. तिच्यावर ती हात गुडघ्यांवर ठेवून बसली, आणि एकदम गप्प झाली. आत्याला गप्प बसलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो.

"दूध-बीध न्हाई ना चुलीवर?" अण्णांनी विचारलं.

"सकाळीच उतरवून ठिवलंया."

अण्णांनी कॅमेरा उभा धरून डोळ्याला लावला. ऑपरेशन झालेला डोळा बारीक केला. लेन्सचं कडं हळूहळू फिरवायला लागले. मी शेजारी उभा राहून भूगोल चालू ठेवला. "आलं का लाल? चेहऱ्यावर आणा. अजून. लाल आलं की दाबा!"

"आलं. कपाळावर आलं."

"उत्तम! दाबा!"

खटॅक! आवाज झाला तशी आत्यानं धरलेला श्वास सोडला. अण्णांनी पुन्हा कॅमेरा लावला. "हितं तर लईच चांगलं लाल येतंय. कपाळाच्या मधोमध."

"सोडू नका! तिथंच धरून काढत राहा!"

खटॅक, खटॅक, खटॅक. अण्णांचा हात इतका ठाम होता, की मला अभिमान वाटला. त्यांच्या हाताचा नाही, माझ्या शिकवण्याचा.

उन्हात पडद्यावर नीट दिसत नव्हतं. म्हणून आम्ही आत ओसरीवर आलो. मी कॅमेरा हातात घेतला, आणि पहिला फोटो लावला.

पानं फिरत होती! आतोबांच्या मागं फिरली तशीच, सगळी जांभळ आत्याभोवती फेर धरून होती. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती जिवंत. आणि कपाळाच्या मधोमध, दोन भुवयांच्या जरा वर, मोहरीएवढा लाल गोल. कडा जराशा पुसट, अगदी बोटानं लावल्यासारखा.

मी दुसरा फोटो लावला. कुंकू. तिसरा. कुंकू! सगळ्या फोटोंत कुंकू, आणि प्रत्येक फोटोत बिनचूक कपाळावर! डाग गेलाच नव्हता. काचेत मुरून बसला होता. आणि अण्णांनी मी सांगितल्याबरहुकूम तो लाल ठिपका पकडून, बहिणीच्या कपाळावर आणून, मगच बटण दाबलं होतं.

"अण्णा," मी कुजबुजलो, "तो लाल फोकसचा नव्हता हो!"

"तूच म्हनलास, लाल आलं की दाबायचं."

"अहो, पण तो एकच ठिपका होता ना? गोल!"

"मला काय ठावं, तुझं लाल कसल्या आकाराचं असतंय!"

इतकी वर्षं आत्या कुंकवाच्या करंड्यापासून चार हात लांब राहिलेली. काल एकदा पुढं झाली, तर मी ओरडून घर डोक्यावर घेतलं. आणि आज हे असं तिच्यासमोर धरायचं? मी कॅमेरा बंद करायला लागलो.

"घरी जाऊन कॉम्प्युटरवर जरा साफ करतो आत्या, मग दाखवतो. आत्ता नीट दिसत नाही."

"आण हिकडं."

"अगं, पण..."

"माझा फोटू हाय का तुझा?"

तिनं चष्मा लावला. कॅमेरा दोन्ही हातांत धरला. आधी पानं पाहिली. "फिरली रं दत्तू!" ती म्हणाली. मग नजर मधे आली, आणि तिथंच थांबली. वैशालीनं माझा हात घट्ट धरला. आत्याचं बोट आपोआप स्वतःच्या मोकळ्या कपाळाकडं गेलं, आणि तिथं काही नाही हे कळल्यावर पुन्हा फोटोकडं आलं.

"हे कुनी लावलं?"

अण्णाच बोलले. "तूच की आक्का. काल, तुझ्या हातानं."

आत्यानं कॅमेरा आणखी जवळ धरला. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ओठ हसत होते. मग मान वर करून भिंतीवरच्या आतोबांना म्हणाली, "बगा. आता मेळ बसला."

"मी पुसून देतो आत्या, कॉम्प्युटरवर एका मिनिटात जातं," मी घाईनं म्हणालो.

"हात तर लावून बग!" आत्या कडाडली. "जिवावर लावलेलं हाय ते!"

फोटो तसाच छापला. आत्यानं मरायची वाट न बघता लगेच आतोबांच्या शेजारी लावला. आता दोघांच्या मागं एकच जांभळ फिरते. गावातला एक म्हातारा दार उघडं पाहून आत आला, भिंतीवर जोडी पाहिली, आणि टोपी काढून तिथंच खाली बसून रडायला लागला. आत्या आतून चहा घेऊन आली तेव्हा त्याला पाणी द्यावं लागलं.

मी मात्र शहाणपणा केला. पुण्याला जाऊन कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडून सेन्सर लख्ख करून आणला. डागाचा मागमूस नाही! त्याच संध्याकाळी आत्याचा फोन.

"इलास, रविवारी कॅमेरा घिऊन ये. हितं आमच्या आळीतल्या समद्याजणींनी फोटू बघितला. वरच्या आळीतली माझी मैत्रीण तर रोज येऊन बघती. तिचे बी मालक भिंतीवरच हायत. म्हनती, मला बी तसाच पायजे, कुंकवासकट. म्या सांगितलं, आमच्या कॅमेऱ्याला काय लावावं लागत न्हाई, त्याला आपलं आपन कळतंय."

"आत्या, मी तो आजच साफ करून आणला गं!"

पलीकडून आत्याचा दीर्घ उसासा ऐकू आला.

"दत्तूला फोन दे. तुला काय बी सांगायचं म्हंजी पयल्यापास्नं शिकवावं लागतंय."

तर सध्या मी पुन्हा व्हिडिओ बघतोय. सेन्सरवर कुंकू नेमकं कुठं लावावं, म्हणजे ते बरोबर कपाळावर येतं, हे समजावून सांगणारा एकही माणूस अजून सापडलेला नाही. न सापडल्यास तो व्हिडिओ मलाच करावा लागणार, असं दिसतंय. भाकरी आणि वाटी आहेच.